हेन्री बॉवर्स

हेन्री रॉबर्टसन बॉवर्स (जन्म : २९ जुलै १८८३, ग्रीनॉक, स्कॉटलंड, मृत्यू : मार्च १९१२ अखेर, रॉस हिमस्तर, अंटार्क्टिका) हे रॉयल इंडियन मरीन या ब्रिटिशकालीन भारतीय सागरी सेवेतील अधिकारी आणि ध्रुवीय प्रवासी होते. कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट यांच्या नेतृत्वाखालील टेरा नोव्हा मोहिमेत (१९१०–१९१३) कोठीची, म्हणजे सर्व शिधा व सामानसुमान यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या पाच जणांपैकी ते एक होत. परतीच्या वाटेवर, अन्न व इंधनाच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या २० किलोमीटरवर, वयाच्या २८ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. दीर्घ मुक्कामासाठी आणि पायी प्रवासासाठी अन्नाची मोजणी व बांधणी कशी करावी, तसेच त्या मोजणीची मर्यादा कोठे असते, या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रातून दिसून येतात.

बालपण आणि सागरी शिक्षण

बॉवर्स यांचे वडील अलेक्झांडर बॉवर्स हे व्यापारी जहाजांचे कप्तान होते. पूर्वेकडील समुद्रांत त्यांनी अनेक वर्षे काढली आणि हेन्री अगदी लहान असतानाच रंगून येथे त्यांचे निधन झाले. हेन्री आणि त्यांच्या दोन थोरल्या बहिणींना आई एमिली यांनी वाढविले. आईविषयीचा जिव्हाळा आणि धर्मनिष्ठा या दोन गोष्टींनी बॉवर्स यांच्या स्वभावाला आकार दिला. अखेरच्या तंबूतून लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत आईला लिहिलेले पत्रही होते.

१८९७ मध्ये त्यांनी टेम्स नदीवरील वूस्टर या प्रशिक्षण जहाजावर प्रवेश घेतला. तेथील शिक्षण संपवून ते व्यापारी जहाजांवर रुजू झाले आणि लॉक टॉरिडन या शिडाच्या जहाजावरून त्यांनी जगप्रदक्षिणा केल्या. शिडाच्या जहाजावर महिनोन्महिने किनाऱ्याचे दर्शन होत नसे. तेथे पाण्याच्या पिंपापासून बिस्किटांच्या पेटीपर्यंत प्रत्येक वस्तूचा हिशोब ठेवणे हा शिस्तीचा भाग होता. पुढे अंटार्क्टिकात उपयोगी पडलेली सवय त्यांना येथेच लागली.

रॉयल इंडियन मरीनमधील सेवा

१९०५ मध्ये बॉवर्स रॉयल इंडियन मरीनमध्ये दाखल झाले. या सेवेचा मुख्य तळ मुंबईच्या गोदीत होता आणि आजच्या भारतीय नौदलाच्या पूर्वपरंपरेत तिची गणना होते. या काळात त्यांनी ब्रह्मदेश व सिलोन या भागांत काम केले. इरावती नदीवर एका तोफनौकेचे आधिपत्यही केले. पुढे इराणच्या आखातात शस्त्रास्त्रांची चोरटी वाहतूक रोखणाऱ्या फॉक्स या युद्धनौकेवर त्यांची नेमणूक झाली.

उष्ण कटिबंधात नोकरी करत असतानाच ध्रुवीय प्रवासवर्णनांच्या वाचनाने त्यांचे मन दक्षिणेकडे ओढले गेले. स्कॉट यांच्या नव्या मोहिमेची बातमी आल्यावर सर क्लेमंट्स मार्कहॅम यांनी त्यांची शिफारस केली आणि स्कॉट यांनी त्यांना प्रत्यक्ष न भेटताच निवडले. भारतातील नोकरीतून रजा मिळवून ते १९१० मध्ये लंडनला पोचले.

बॉवर्स यांची उंची ५ फूट ४ इंच, बांधा आडवा आणि नाक चोचीसारखे पुढे आलेले होते. त्यामुळे सहकाऱ्यांनी त्यांना बर्डी असे टोपणनाव दिले. जहाजावर आल्या आल्या ते उघड्या तळखणात १९ फूट खाली कोसळले, परंतु त्यांना काहीही इजा झाली नाही. प्रथमदर्शनी त्यांच्याविषयी साशंक असलेल्या मंडळींचे मत थोड्याच आठवड्यांत पालटले.

जहाजावरील सामानाची मांडणी

मूळ योजनेनुसार बॉवर्स यांनी जहाजावरच राहून सामानाची व्यवस्था पाहायची होती. टेरा नोव्हा १५ जून १९१० रोजी कार्डिफहून निघाले. न्यूझीलंडमधील लिटलटन बंदरात सर्व सामान उतरवून, त्याची वर्गवारी करून, नव्याने याद्या करून ते पुन्हा भरण्यात आले. जहाजाचा तळ गळत असल्याने त्याची दुरुस्ती करणेही आवश्यक होते. कोणत्या तुकडीची पेटी कोणती हे दुरूनही कळावे म्हणून पेट्यांवर निरनिराळ्या रंगांचे पट्टे ओढले होते.

अशा मांडणीत केवळ जागा वाचविणे पुरेसे नसते. बर्फावर उतरताच जे प्रथम लागेल ते सर्वांत वर असावे लागते. एका खणाला पाणी लागले किंवा एखादा भाग बुडाला, तरी एकाच प्रकारचे सर्व अन्न नष्ट होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. पेटी माणसाला उचलता येईल इतक्याच वजनाची हवी आणि तिच्यात काय आहे हे ती न फोडता कळले पाहिजे. जहाजावरील प्रत्येक पेटीची जागा बॉवर्स यांना तोंडपाठ होती. हे पाहून स्कॉट यांनी त्यांना किनाऱ्यावरील मुख्य तुकडीत सामील करून घेतले.

न्यूझीलंडहून निघताना डेकवरील बर्फघरात मेंढ्यांची १६२ व गुरांची ३ सोललेली धडे होती. त्याशिवाय १९ तट्टे, ३३ कुत्री, ३ मोटारस्लेज, कोळसा, रॉकेल, पेट्रोल आणि चारा यांनी जहाज काठोकाठ भरलेले होते. डिसेंबर १९१० च्या आरंभी झालेल्या वादळात पंप तुंबले आणि जहाज बुडण्याच्या बेतात आले. त्या रात्री बॉवर्स पंप मोकळा करणाऱ्यांत होते. या वादळात २ तट्टे, १ कुत्रा आणि सुमारे १० टन कोळसा गमवावा लागला. शिध्याचा मोठा भाग मात्र बचावला.

केप एव्हान्स येथील कोठी

जानेवारी १९११ च्या आरंभी रॉस बेटावरील केप एव्हान्स येथे मोहिमेने तळ ठोकला. सुमारे १५ मीटर लांब आणि ७.५ मीटर रुंद अशा लाकडी घरात २५ माणसे हिवाळा काढणार होती. बॉवर्स यांनी घराबाहेरच्या उतारावर पेट्यांच्या रांगा रचल्या. हिमवादळात सामान गाडले गेले तरी यादी पाहून ते नेमके खणून काढता यावे, अशी ही रचना होती. मांसासाठी बर्फात गुहा खोदण्यात आली. थंडीने गोठून फुटतील अशा वस्तूंच्या पेट्या घरातच ठेवल्या आणि अधिकारी व खलाशी यांच्या दालनांमधील भिंत त्याच पेट्यांची रचली. या भिंतीमुळे जागेची सोय झाली आणि अन्नही गोठण्यापासून वाचले.

तळावरील आहार पुरेसा आणि विविध होता. ताजा पाव रोज भाजला जाई. सीलचे ताजे मांस नियमित खाल्ले जात असल्याने तळावर स्कर्व्ही हा रोग बळावला नाही. तथापि तळावरचे अन्न आणि प्रवासातील अन्न यांत मोठा फरक होता. स्लेजवर चढविलेला प्रत्येक किलो कोणाला तरी ओढावा लागे. त्यामुळे प्रवासाच्या शिध्यात पाणी, हाडे, फळे, भाज्या यांना थारा नव्हता.

वन टन डेपो

ध्रुवाकडे जाणाऱ्या वाटेवर आगाऊ साठे ठेवण्यासाठी २४ जानेवारी १९११ रोजी एक तुकडी निघाली. या तुकडीत बॉवर्स होते. रॉस हिमस्तर, म्हणजे समुद्रावर तरंगणारे बर्फाचे अफाट मैदान, ओलांडून ८० अंश दक्षिण अक्षांशावर मुख्य साठा ठेवायचा होता. परंतु तट्टे थंडीने व भुसभुशीत बर्फाने थकली. कॅप्टन लॉरेन्स ओट्स यांनी दुबळी तट्टे मारून पुढे जावे असे सुचविले. स्कॉट यांना ते मान्य झाले नाही. १७ फेब्रुवारी रोजी सुमारे ७९ अंश २९ मिनिटांवर, म्हणजे नियोजित जागेच्या ५७ किलोमीटर अलीकडे, साठा रचण्यात आला. त्यात चार माणसांच्या एका गटाला सात आठवडे पुरेल इतका शिधा, रॉकेल, तट्टांसाठी दाणावैरण आणि कुत्र्यांची बिस्किटे असे सुमारे एक टन सामान होते. त्यावरूनच त्यास वन टन डेपो हे नाव पडले.

परतताना बॉवर्स, ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड आणि टॉम क्रीन यांनी गोठलेल्या समुद्रावर मुक्काम केला असता रात्रीत बर्फ फुटला. चार तट्टांपैकी एक नाहीसे झाले होते. भोवती शिकारी देवमासे घिरट्या घालत होते. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर स्लेज ढकलत बॉवर्स यांनी माणसे आणि सर्व सामान सुखरूप काठाला आणले. तट्टू मात्र एकच वाचले. सामान टाकून निघून जाण्याचा मार्ग मोकळा असतानाही त्यांनी तो स्वीकारला नाही.

हिवाळी प्रवास आणि शिध्याचा प्रयोग

१९११ च्या हिवाळ्यात तळावर व्याख्याने होत असत. त्यांत बॉवर्स यांनी स्लेजप्रवासातील अन्न या विषयावर व्याख्यान दिले. पूर्वीच्या मोहिमांच्या शिध्यांचा त्यांनी तौलनिक अभ्यास केला होता. या विषयाची प्रत्यक्ष परीक्षा पाहण्याची संधी त्यांना लगेचच मिळाली.

२७ जून रोजी डॉ. एडवर्ड विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे एम्परर पेंग्विनची अंडी मिळविण्यासाठी केप क्रोझिअरकडे निघाले. ध्रुवीय रात्रीच्या अंधारात तापमान उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. या प्रवासात मुद्दामच चार पदार्थ घेतले होते : पेमिकन, बिस्किटे, लोणी आणि चहा. पेमिकन म्हणजे सुकवलेल्या मांसाची पूड व चरबी यांचे घट्ट मिश्रण. ते गरम पाण्यात शिजवून दाट कढणासारखे खात. तिघांनी या पदार्थांचे प्रमाण वेगवेगळे ठेवले. विल्सन यांच्या वाट्याला अधिक लोणी, बॉवर्स यांच्या वाट्याला अधिक पेमिकन आणि चेरी-गॅरार्ड यांच्या वाट्याला अधिक बिस्किटे होती. काही दिवसांतच असे दिसले की, विल्सन यांना सर्व लोणी संपवता येत नाही आणि चेरी-गॅरार्ड यांना स्निग्ध पदार्थांची हाव सुटते. त्यांनी आपसांत अदलाबदल केली. प्रत्येकी ४५० ग्रॅम बिस्किटे, ३४० ग्रॅम पेमिकन आणि ११० ग्रॅमच्या आसपास लोणी हे प्रमाण त्यांना मानवले.

जुलैच्या उत्तरार्धात वादळाने त्यांचा तंबू उडवून नेला. सुदैवाने तो थोड्या अंतरावर सापडला आणि १ ऑगस्ट रोजी तिघे तीन अंड्यांसह तळावर परतले.

शिध्याची बांधणी

या अनुभवाच्या आधारे ध्रुवीय पठारासाठी शिधा ठरविण्यात आला. दर माणशी दर दिवशी सुमारे ४५० ग्रॅम बिस्किटे, ३४० ग्रॅम पेमिकन, ५७ ग्रॅम लोणी, ८५ ग्रॅम साखर, १६ ग्रॅम कोको आणि २४ ग्रॅम चहा असे त्याचे वजन ९७५ ग्रॅमच्या आसपास होते.

संपूर्ण बांधणी चार माणसांचा गट हे एकक धरून केलेली होती. एका तंबूत चार माणसे, एका प्रायमस स्टोव्हवर चार माणसांचे जेवण आणि एका जोडणीत चार माणसांचा आठवड्याचा शिधा, असा हा हिशोब होता. एका आठवड्याच्या जोडणीत सुमारे १२.७ किलो बिस्किटे, ९.५ किलो पेमिकन, २.४ किलो साखर, १.६ किलो लोणी आणि त्याशिवाय चहा व कोको, म्हणजे एकूण २७ किलोंच्या आसपास अन्न असे. प्रत्येक पदार्थ मोजून कापडी पिशव्यांत भरला जाई. बोटे बधिर झालेली असताना अंधुक प्रकाशात तराजू धरणे अशक्य असते. म्हणून वजनाचे सर्व काम उबदार घरात आधीच उरकून घेणे हे या पद्धतीचे मर्म होते. स्वयंपाक करणाऱ्याने त्या दिवसाची पिशवी तेवढी उघडायची. रॉकेल एक गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेले होते. वाटेवरील प्रत्येक साठ्यातून परतणाऱ्या गटाने आपल्यापुरता वाटा घ्यावा आणि उरलेला मागून येणाऱ्यांसाठी ठेवावा, अशी योजना होती.

दक्षिण ध्रुवाकडे

१ नोव्हेंबर १९११ रोजी स्कॉट यांच्यासह मुख्य तुकडी तळावरून निघाली. तेथून ध्रुव सुमारे १,४०० किलोमीटर दूर होता. बॉवर्स यांच्याकडे व्हिक्टर नावाचे तट्टू होते. शिध्याच्या वाटपाबरोबरच हवामानाच्या नोंदी आणि स्थाननिश्चितीचे कामही ते करीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी वादळाने सर्वांना चार दिवस अडकवून ठेवले. जागचे न हलताही पोटाला अन्न लागतच होते. हिमनदीवर व पठारावर वापरायचा शिधा ठरलेल्या वेळेआधीच उघडावा लागला. ९ डिसेंबर रोजी उरलेली तट्टे मारण्यात आली आणि त्यांचे मांस परतीसाठी पुरून ठेवले गेले. नाताळच्या दिवशी पठारावर घोड्याच्या मांसाचे तुकडे, कांदा आणि करी पावडर घातलेले पेमिकन, प्लम पुडिंग व आल्याचे तुकडे असे विशेष जेवण झाले.

३१ डिसेंबर रोजी बॉवर्स यांच्या गटाने वजन कमी करण्यासाठी आपल्या स्की एका साठ्यावर ठेवल्या. त्यानंतर ३ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट यांनी अखेरच्या टप्प्यासाठी चारऐवजी पाच माणसे नेण्याचे ठरविले आणि पाचवे म्हणून बॉवर्स यांना निवडले. इतर चौघे स्कीवर आणि बॉवर्स पायी, अशी त्यांची पुढची वाटचाल झाली. या निर्णयाने दर माणशी अन्न कमी झाले नाही, कारण परतणाऱ्या तिघांनी एकाचा वाटा मागे सोडला. मात्र चौघांसाठी बांधलेली प्रत्येक पिशवी आता फोडून पुन्हा वाटावी लागे. चौघांचा आठवड्याचा शिधा पाच जणांना साडेपाच दिवसांच्या आसपास पुरे. स्वयंपाकाला दिवसाकाठी सुमारे अर्धा तास अधिक लागू लागला आणि त्या प्रमाणात रॉकेलही अधिक जळू लागले.

१७ जानेवारी रोजी स्कॉट, विल्सन, ओट्स, एडगर इव्हान्स आणि बॉवर्स ध्रुवावर पोचले. रोआल्ड अमुंडसेन यांची नॉर्वेजियन तुकडी १४ डिसेंबर १९११ रोजीच तेथे येऊन गेली होती. पाचही जणांचे प्रसिद्ध छायाचित्र बॉवर्स यांनी कॅमेऱ्याला बांधलेली दोरी ओढून घेतले.

परतीचा प्रवास आणि मृत्यू

परतीच्या वाटेवर अन्नाचा प्रत्येक साठा पुढील साठ्यापर्यंतच्या ठरावीक दिवसांसाठी मोजलेला होता. हिमनदीवर वाट चुकल्याने फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अन्न जवळजवळ संपले असता ते कसेबसे पुढील साठ्यावर पोचले. १७ फेब्रुवारी रोजी एडगर इव्हान्स यांचा मृत्यू झाला. रॉस हिमस्तरावर आल्यावर तापमान अपेक्षेपेक्षा फार खाली गेले. शिधा ठरल्याप्रमाणे मिळत होता, परंतु साठ्यांवरील डब्यांत रॉकेल कमी निघाले. इंधन नसेल तर बर्फाचे पाणी होत नाही, पेमिकन शिजत नाही आणि कपडे वाळत नाहीत. अन्न जवळ असूनही त्याचा पुरता उपयोग होईना.

पायांना हिमदंश झालेले ओट्स मार्चच्या मध्यास तंबूबाहेर निघून गेले. उरलेल्या तिघांनी वन टन डेपोच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर शेवटचा मुक्काम केला. त्या वेळी प्रत्येकी दोन पेले चहा होईल इतके इंधन आणि दोन दिवसांचे तुटपुंजे अन्न त्यांच्याजवळ होते. विल्सन आणि बॉवर्स यांनी साठ्यावर जाऊन इंधन आणायचे ठरविले होते. वादळ थांबले नाही. स्कॉट यांच्या रोजनिशीतील शेवटची नोंद २९ मार्चची आहे. चेरी-गॅरार्ड व दिमित्री गेरोव हे कुत्र्यांच्या स्लेजवरून अन्न घेऊन वन टन डेपोवर आले होते. काही दिवस वाट पाहून ते १० मार्च रोजी परतले होते.

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी डॉ. एडवर्ड ॲटकिन्सन यांच्या शोधपथकाला तंबू सापडला. त्यात तिघांचे देह, रोजनिश्या, पत्रे आणि सुमारे १६ किलो वजनाचे खडकांचे नमुने होते. या पथकासोबत भारत सरकारने पाठविलेली सात खेचरे होती. गुलाब, बेगम, राणी, प्यारी, लाल खान, खान साहिब आणि अब्दुल्ला ही त्यांची नावे होत. तंबू देहांवर उतरवून त्यावर बर्फाचा ढिगारा रचण्यात आला आणि स्कींचा क्रूस उभारण्यात आला.

शिध्याच्या हिशोबाचे मूल्यमापन

बॉवर्स यांच्या मोजणीत चूक आढळत नाही; साठ्यांवरील अन्न यादीबरहुकूम होते. कमतरता गृहीतकांत होती. पठारावरील शिध्यातून दिवसाला सुमारे ४,५०० कॅलरी मिळत. स्लेज ओढणाऱ्या माणसाला ६,००० हून अधिक कॅलरी लागतात, हे पुढे स्पष्ट झाले. शिध्यात क जीवनसत्त्व नव्हते; जीवनसत्त्व ही संज्ञाच १९१२ मध्ये कॅसिमिर फुंक यांनी मांडली. चौघांचे गणित पाचांना लावल्याने बांधणीची सोय नाहीशी झाली आणि खोळंब्याच्या दिवसांसाठी राखीव फारच थोडे उरले.

रॉकेलच्या डब्यांच्या झाकणांना चामड्याच्या चकत्या होत्या. केप एव्हान्स येथे सप्टेंबर १९११ मध्ये ठेवलेले आठ डबे डिसेंबर १९१२ मध्ये उकरले असता तीन पूर्ण भरलेले, तीन रिकामे आणि दोन अर्धवट भरलेले निघाले. याउलट अमुंडसेन यांनी आपले डबे डाख देऊन बंद केले होते. त्यांनी ८०, ८१ आणि ८२ अंशांवर मिळून सुमारे तीन टनांचे साठे ठेवले आणि ते चुकू नयेत म्हणून वाटेला आडव्या निशाणांच्या रांगा लावल्या. वन टन डेपो नियोजित ८० अंशांवर असता, तर स्कॉट यांचा अखेरचा मुक्काम त्याच्या पुढे, उत्तरेस झाला असता.

स्मृती

बॉवर्स यांना मरणोत्तर ध्रुवीय पदक देण्यात आले. अंटार्क्टिकाच्या व्हिक्टोरिया लँड भागातील बॉवर्स पर्वतरांगेस त्यांचे नाव आहे. चेरी-गॅरार्ड यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड या ग्रंथात विल्सन आणि बॉवर्स यांचे व्यक्तिचित्र विस्ताराने आले आहे. केप एव्हान्स येथील लाकडी घर आजही उभे असून त्यातील फळ्यांवर मोहिमेतील अन्नाचे डबे व पेट्या जतन करून ठेवल्या आहेत.